समोरच्या गाडीला विमा नसेल तर



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या हाताखाली मी मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम शिकलो. घरातला माणूस अपघातात गेलेली मंडळी त्यांच्याकडे आली, की ते त्यांना बसवत, पाणी देत, सगळं ऐकून घेत. मग त्यांचा पहिला प्रश्न असे, 'समोरच्या गाडीची पॉलिसी होती का?' चूक कोणाची होती, साक्षीदार कोण, पंचनाम्यात काय लिहिलंय, हे सारं ते नंतर विचारत. नव्या वकिलाला तो प्रश्न कोरडा वाटायचा. पुढे माझ्या टेबलासमोरही अशी घरं येऊन बसू लागली, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर मुलांच्या शाळेपासून घराच्या हप्त्यापर्यंत किती गोष्टी टांगलेल्या असतात, ते दिसू लागलं.

माझं आजचं म्हणणं सोपं आहे. आपल्याला धडकणारी गाडी आपण निवडत नाही. तिच्या मालकाने विमा उतरवलाय की नाही, हे आपल्याला धडक बसल्यावर कळतं. तेव्हा त्या अनोळखी माणसाच्या कागदावर आपलं घर अवलंबून राहू नये, अशी तजवीज प्रत्येक चालकाने स्वतःच्या पैशाने, अपघाताच्या आधी करून ठेवली पाहिजे. अमेरिकेत या तजविजीसाठी वेगळं विमाकवच मिळतं. आपल्याकडे ते त्या रूपात मिळत नाही, तुकड्यातुकड्यांनी जमवावं लागतं. ते कसं जमवायचं, हे मी सांगणार आहे. पण त्याआधी कायदा आपल्याला कुठवर साथ देतो आणि कुठे हात सोडतो, ते पाहू.

सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर थर्ड पार्टी विमा हवाच, हे तत्त्व आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यापासून आहे. सध्याच्या १९८८च्या कायद्यात ते कलम १४६ मध्ये आलं आहे. पण गाडीवाले अनेकजण एक गोष्ट ध्यानात घेत नाहीत. थर्ड पार्टी पॉलिसी मी काढतो ती तुमच्यासाठी, आणि तुम्ही काढता ती माझ्यासाठी. माझ्या चुकीने तुम्ही जखमी झालात तर माझी कंपनी तुम्हाला पैसे देईल. तुमच्या चुकीने मी जखमी झालो तर तुमची कंपनी मला देईल. माझ्या खिशात पॉलिसी आहे म्हणून मी सुरक्षित आहे, हा समज इथेच मोडतो. माझं हित तुमच्या पॉलिसीत असतं, आणि ती तुम्ही भरली नसेल तर माझी पॉलिसी कितीही चालू असो, मला तिचा काही उपयोग नाही.

किती लोक ती भरत नाहीत? संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीपुढे आलेला अंदाज घ्या, किंवा विमा क्षेत्राचे स्वतःचे अंदाज घ्या, देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही, असंच ते सांगतात. त्यांत भंगारात गेलेल्या पण नोंदणी रद्द न झालेल्या काही गाड्या असतील, हे मान्य. तरी तालुक्याच्या बाजारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या रांगेकडे पाहिलं, तर हा अंदाज अवाजवी वाटत नाही. विमा नसलेल्यांत मोठा वाटा दुचाकींचा. शोरूममधून गाडी निघते तेव्हा पॉलिसी असतेच, कारण तिच्याशिवाय नोंदणी होत नाही. मुदत संपली, की विषय संपतो. गाडी दुसऱ्याला विकली जाते, तिसऱ्याकडे जाते, पोलीस अडवतील तिथून वाट वाकडी केली जाते.

हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, कोइम्बतूरचे अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या रस्ते सुरक्षेविषयीच्या याचिकेत, एक महत्त्वाचा आदेश दिला. त्याप्रमाणे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. ज्या डॉक्टरांनी मोडलेली हाडं जन्मभर जोडली, त्यांनी न्यायालयात जाऊन हा प्रश्न लावून धरावा, याचं मला फार मोल वाटतं. त्या आदेशाने दुचाकीची पहिली पाच वर्षं सांभाळली. सहाव्या वर्षाचं काय, हा प्रश्न उरलाच.

आणि हप्ता तरी किती? २०२२च्या दरपत्रकाप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, अधिक कर. हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलं तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी कायद्यात तरतूद आहे. कैद झाल्याचं मी माझ्या भागात पाहिलेलं नाही.

आता समजा, ३४ वर्षांचा एक गॅरेजवाला आहे. महिन्याला वीस हजार कमावतो. घरी बायको, दोन मुलं आणि आई. समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारसायकलने त्याला उडवलं आणि तो गेला. अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण भरपाई कशी मोजतं, तेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत सूत्र ठरवून दिलं आहे. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. वीस हजारांचे अठ्ठावीस हजार झाले. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला, राहिले २ लाख ५२ हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार येतो ४० लाख ३२ हजार रुपये. त्यात अंत्यविधी, सहवास हरपणं वगैरे ठरीव रकमा आणि व्याज मिळवा.

समोरच्या मोटारसायकलची सातशे रुपयांची पॉलिसी चालू असती, तर ही चाळीस लाखांहून अधिक रक्कम विमा कंपनीने न्यायाधिकरणात भरली असती. चालकाचं लायसन्स बनावट निघालं, तरी २००४ पासूनच्या निकालांमुळे कंपनीला बहुतेक वेळा आधी पीडितांना पैसे द्यावे लागतात आणि मग मालकाकडून वसूल करावे लागतात. पण त्यासाठी मुळात पॉलिसी हवी. पॉलिसीच नसेल, तर दाव्यात कंपनीच नाही. निवाडा होतो तो फक्त चालक आणि मालकावर.

तो निवाडा हातात पडला, की घरच्यांना वाटतं, जिंकलो. माझ्या कामातला सर्वांत अवघड प्रसंग त्यानंतरचा असतो. निवाड्याच्या कागदाचे पैसे व्हायला दरखास्त करावी लागते, नाहीतर कलम १७४ खाली वसुलीचा दाखला घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. मग जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी ही रक्कम तहसीलदारांनी वसूल करायची. तलाठी जाऊन पाहतो. मालकाच्या नावावर सामाईक सातबाऱ्यातला अर्धा एकर. त्यावर सोसायटीचा बोजा आधीपासूनच. घर आईच्या नावावर. मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली. ज्याच्याकडून वसूल करायचं, तो मालकही पुष्कळदा आमच्या गॅरेजवाल्याइतकाच गरीब. त्याच्याकडून चाळीस लाख काढायचे म्हणजे दुसरं एक घर मोडायचं, आणि ते मोडूनही पहिलं उभं राहत नाही. वसुलीची ही प्रकरणं वर्षानुवर्षं तारखांवर चालतात. मुलं तोवर मोठी होऊन कामाला लागलेली असतात.

न्यायालयांना हे दिसत नाही, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सर्व राज्यांना सांगितलं, की अपघातात सापडलेल्या गाडीला विमा नसेल तर मालकाने भरपाईपुरतं तारण दिल्याशिवाय ती सुपूर्तनाम्यावर सोडू नका. तीन महिन्यांत तारण दिलं नाही तर गाडीचा लिलाव करा आणि पैसे न्यायाधिकरणात जमा करा. आदेश योग्यच आहे. ट्रक किंवा नवी मोटार असेल तर त्यातून काही हाती लागतं. दहा वर्षं जुन्या मोटारसायकलच्या लिलावातून काय येणार, ते तुम्हीच जाणता.

इथे जरा वाट सोडून बोलतो, कारण या सभागृहातल्या बऱ्याच जणांशी त्याचा संबंध असेल. तुम्ही तुमची जुनी स्कूटर कोणाला तरी विकली. पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, आणि आरटीओत नाव बदललं की नाही, ते पाहिलं नाही. पुढे ती गाडी चार हातांतून गेली, विमा संपला, आणि पाचव्याने कोणाला तरी धडक दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे, की आर.सी.वर ज्याचं नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे चाळीस लाखांचा निवाडा तुमच्या नावावर येऊ शकतो, ज्या गाडीचा रंगही तुम्हाला आता आठवत नाही तिच्यापायी. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खातरजमा होईपर्यंत गाडी तुमचीच आहे, असं समजा.

आता कायद्यातली जी विसंगती मला सर्वांत जास्त खटकते, तिच्याकडे येतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३०,४८६ माणसं अशा अपघातांत गेली, जिथे धडक देणारा पळून गेला. अशा, न सापडलेल्या गाडीच्या अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. दोन लाख थोडेच आहेत, पण ते सरकारच्या व्यवस्थेतून येतात, कोणा मालकाच्या ऐपतीवर ठरत नाहीत. उलट गाडी सापडली, नंबर मिळाला, चालक कबूलही झाला, आणि तिला विमा नव्हता, तर हे दोन लाखही नाहीत. तिथे फक्त मालकावरचा निवाडा. गाडी न सापडलेल्या घराला थोडंफार मिळतं आणि सापडलेल्याला वसुलीच्या तारखा मिळतात. असा भेद कोणाला मुद्दाम करायचा होता, असं मी म्हणणार नाही. पण तो आहे, आणि त्याची किंमत विधवा आणि मुलं मोजत आहेत.

मे २०२५ मध्ये आलेल्या योजनेने एक मोठं काम केलं. अपघात झाल्यापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळावा, मग धडक देणाऱ्या गाडीला विमा असो वा नसो. ही योजना नीट चालावी, यासाठी आपण सगळ्यांनी आग्रही राहिलं पाहिजे. पण आठव्या दिवशी अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाचं बिल आणि दहाव्या महिन्यात थांबलेली घरातली मिळकत, हे त्या योजनेच्या बाहेरचं आहे.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला? ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, तरी विमा न काढणारे उरलेच. तेव्हा १९४६ साली तिथल्या विमा कंपन्यांनी सरकारशी करार करून 'मोटर इन्शुरर्स ब्युरो' ही संस्था उभी केली. मोटार विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने तिचं सभासद व्हायचं आणि वाटा भरायचा. विमा नसलेल्याने कोणाला जखमी केलं तर भरपाई हा ब्युरो देतो. म्हणजे प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांच्या वर्गणीतून तो खड्डा भरला जातो.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. न्यू हॅम्पशायर राज्याने १९५७ मध्ये कायदा केला, की तिथे विकल्या जाणाऱ्या मोटार पॉलिसीत 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' कवच असलंच पाहिजे. या राज्यात सर्वसाधारण चालकाला मोटार विमा काढण्याची सक्ती आजही नाही, पण काढला तर हे कवच त्यात येतंच. कवचाचा अर्थ असा, की दुसऱ्याच्या चुकीने मी जखमी झालो आणि त्याला विमा नसेल, किंवा तो पळून गेला असेल, तर माझी स्वतःची कंपनी त्या चुकणाऱ्याच्या जागी उभी राहते. त्याने कायद्याने जे देणं लागत होतं ते, पॉलिसीत ठरलेल्या मर्यादेपर्यंत, मला देते. आज काही राज्यांत ते सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कंपनीने ते देऊ करावंच लागतं आणि ग्राहकाला नको असेल तर त्याने लेखी नाकारावं लागतं. याच्या जोडीला, समोरच्याचा विमा आहे पण तोकडा आहे, अशा वेळचं कवचही असतं. त्याची गरज का पडते? कॅलिफोर्नियात एका जखमी माणसामागे कायद्याने लागणारा किमान विमा १९६७ पासून २०२४ अखेरपर्यंत फक्त पंधरा हजार डॉलर होता, १ जानेवारी २०२५ ला तो तीस हजार झाला. तिथल्या रुग्णालयांची बिलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तीस हजार डॉलर किती दिवस पुरतात ते सांगायला नको.

आपल्या घरोघरीची मुलं बे एरियात, न्यू जर्सीत, टेक्सासात आहेत. नातवंडांसाठी आपण तिथे सहा-सहा महिने राहून येतो आणि मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून फिरतो. अमेरिकेत साधारण सात-आठ चालकांमागे एकाला विमा नसतो. मुलाच्या पॉलिसीत हे कवच असेल तर त्याच्या गाडीत बसलेल्यांनाही ते साधारणपणे लागू होतं. तेव्हा पुढच्या फोनमध्ये मुलाला किंवा सुनेला विचारा, 'अनइन्शुअर्ड मोटरिस्टची मर्यादा किती ठेवली आहे?' हप्ता वाचावा म्हणून तरुण मंडळी ते नाकारतात किंवा किमान रकमेवर ठेवतात, असं माझ्या पाहण्यात आलं आहे. विनंती एवढीच, की दुसऱ्याचं नुकसान भरून देण्यासाठी जितकी मर्यादा घेतली आहे, तितकी स्वतःच्या माणसांसाठीही घ्या.

आता आपल्या गावात येऊ. आपल्याकडे हे कवच या रूपात विकलं जात नाही, तेव्हा ते जोडून घ्यावं लागतं. पहिला तुकडा म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, ज्याला एजंट मंडळी 'पी.ए.' म्हणतात. २०१८च्या सप्टेंबरपर्यंत त्याची रक्कम दुचाकीला एक लाख आणि मोटारीला दोन लाख होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विमा नियामकाने ती पंधरा लाख केली आणि तेव्हा वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरवला. याचं मोठेपण असं, की यात चूक कोणाची हे पाहत नाहीत. समोरच्याला विमा आहे का, तो सापडला का, हा प्रश्नच येत नाही. मालक स्वतः गाडी चालवताना गेला, किंवा त्याचे दोन हात, दोन पाय, दोन डोळे गेले, तर पूर्ण पंधरा लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मे. आपल्या गॅरेजवाल्याच्या घरी चाळीस लाखांचा निवाडा धूळ खात पडला असता, पण तो स्वतःच्या गाडीवर असता आणि त्याने हे कवच घेतलं असतं, तर हे पंधरा लाख न्यायाधिकरणाची पायरी न चढता आले असते.

आणि हाच तुकडा लोक टाळतात. ऑनलाइन पॉलिसी घेताना एका चौकटीत खूण केली, की 'माझ्याकडे आधीच असा विमा आहे', तर हप्ता कमी होतो. खरोखर दुसरा पंधरा लाखांचा अपघात विमा असेल, किंवा दुसऱ्या गाडीवर हे कवच घेतलेलं असेल, तर ती सवलत योग्य आहे. पण हप्ता थोडा कमी दिसावा म्हणून ती खूण खोटी केली जाते, कधी ग्राहक करतो, कधी त्याला न विचारता कोणी तरी करतं. माझ्याकडे पॉलिसी घेऊन येणाऱ्या घरांत 'पी.ए. टू ओनर ड्रायव्हर' या ओळीसमोर शून्य दिसतं, तेव्हा पुढे काय बोलावं ते मला कळत नाही. त्या घरातल्या बाईला मी कोणत्या शब्दांत सांगू?

या कवचाला मोठी भोकंही आहेत, ती लपवून चालणार नाही. ते फक्त आर.सी.वर नाव असलेल्या मालकाला, आणि तेही त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. गाडी वडिलांच्या नावावर आणि कॉलेजला जाणारी मुलगी ती चालवते, तर मुलगी या कवचात नाही. आपल्या घरांत गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारे तिघे, हे नेहमीचं आहे. मित्राची गाडी मागून नेली, तर कायदा तुम्हाला बहुतांशी मालकाच्या जागी उभं करतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. मागून घेतलेल्या मोटारसायकलवर एकजण गेला. चूक दुसऱ्या मोटारसायकलची होती, पण वारसांनी दावा लावला तो मागून घेतलेल्या गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर. पूर्ण भरपाई नाकारली गेली आणि पॉलिसीतल्या अपघात विम्याचे एक लाख रुपये, अधिक व्याज, एवढंच मिळालं.

मागे बसणाऱ्याचं काय? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसलेला माणूस त्या गाडीच्या विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितलं आहे. पॅकेज पॉलिसी, म्हणजे लोक जिला 'फर्स्ट पार्टी' म्हणतात ती असेल, तर मागे बसणारा आणि मोटारीतले प्रवासी तिच्या संरक्षणात येतात. आपल्याकडे मागे बसणारी बहुतेक वेळा घरची बाई असते, मांडीवर मूल घेतलेली. थर्ड पार्टी आणि पॅकेज यांतला फरक म्हणजे फक्त बंपरचा पत्रा, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पत्र्याचा खर्चही खराच. विमा नसलेल्याने तुमच्या मोटारीचा चेंदामेंदा केला, तर दुरुस्तीचे पैसे फक्त तुमच्या पॅकेज पॉलिसीतूनच येतील.

म्हणून ज्यांना परवडतं त्यांना मी सांगतो, गाडीला न चिकटलेला, माणसाला चिकटलेला वैयक्तिक अपघात विमा घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि गाडी चालवणाऱ्या व्यक्तीचा काढा. तो स्वतःच्या गाडीवर, मित्राच्या गाडीवर, बसमध्ये आणि पायी चालतानाही लागू होतो. त्याच्या जोडीला आरोग्य विमा आणि कमावत्याचा मुदत जीवन विमा. ज्यांना हेही जड आहे, त्यांच्यासाठी बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यूला दोन लाख. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंचं, शेतावरच्या गड्याचं खातं त्यात आहे का, हे विचारायला आणि बँकेत बरोबर जायला आपल्याला अर्धा दिवस लागेल.

अशा वेळी लोक विचारतात, 'मी माझा विमा काढला तर कोर्ट भरपाईतून तेवढे पैसे कापेल ना?' नाही. महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं, की जीवन विम्याचे पैसे हे मृताने स्वतः भरलेल्या हप्त्यांचं फळ आहे, ते चुकणाऱ्याच्या देण्यातून वजा होणार नाहीत. उपचाराच्या खर्चाबाबत मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तोही प्रश्न पीडितांच्या बाजूने सोडवला, की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतून कापायची नाही.

एका वर्गाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ऊस हंगामात पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बिऱ्हाडासह जाणारी तोडणी मजुरांची कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा वेगळा उतरवलेला नसतो. ट्रॅक्टरवर बसण्याची कायदेशीर जागा एकाच माणसाची, चालकाची. ट्रॉली उलटली, की कंपनी म्हणते, यांना नेण्याची परवानगीच नव्हती. विमा असून नसल्यासारखा. या मजुरांना 'तुम्ही स्वतः कवच घ्या' असं सांगण्याचा मला अधिकार नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टोळीचा अपघात विमा उतरवणं हे कारखान्याचं आणि वाहतूक ठेकेदाराचं काम आहे, आणि ते झालं की नाही हे पाहणं सभासदांचं. आज इथे कारखान्यांचे सभासद पुष्कळ बसले आहेत. वार्षिक सभेत हा प्रश्न विचारा.

शेवटचा मुद्दा सरकारसाठी. प्रत्येकाने स्वतःची तजवीज करावी हे मी सांगितलं, कारण सरकार काही करील तोवर थांबायला कुणाला सवड नाही. पण विमा नसलेल्या गाडीखाली सापडलेल्या प्रत्येक गरिबाने आपलं कवच आधीच विकत घेतलेलं असेल, अशी अपेक्षा राज्याने करू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १६४ब आलं आणि मोटार वाहन अपघात निधी स्थापन झाला. हा निधी कशासाठी वापरायचा ते त्या कलमात लिहिलं आहे. जखमींचे उपचार, पळून गेलेल्या गाडीमुळे मेलेल्यांच्या वारसांना आणि जखमींना भरपाई, आणि शेवटी, केंद्र सरकार नियमांनी ठरवील अशा इतर व्यक्तींना भरपाई. त्या शेवटच्या वाक्यात आपल्याला हवं ते सगळं बसतं. विमा नसलेल्या, पण सापडलेल्या गाडीचे बळी या 'इतर व्यक्तीं'त घाला. न्यायाधिकरणाचा निवाडा झाला की निधीने निदान पाच लाख वारसांना द्यावेत, आणि मालकामागे वसुलीला निधीने स्वतः लागावं. दरखास्त, तलाठी, लिलाव हे सगळं सरकारी खात्याला झेपतं. नवऱ्याच्या मरणानंतर मोलमजुरीला लागलेल्या बाईला ते झेपत नाही. यासाठी नवा कायदा नको, संसदेचं अधिवेशन नको. नियमांत दुरुस्ती करून अधिसूचना काढली की पुरे. आपल्या भागाच्या खासदारांना द्यायचं निवेदन मी लिहून आणलं आहे. व्याख्यान संपल्यावर ते दाराजवळच्या टेबलावर ठेवलेलं असेल. वाचून, पटलं तर सही करा.